शेषराव डॉक्टरांचा ब्रेक

शेषराव डॉक्टरांची सायकल ब्रेकने थांबत नसे. ती दमून थांबत असे.

पुढचं गाव फर्लांगभर राहिलं की ते पायडल मारणं बंद करत. मग सायकल आपल्या मर्जीने गावात शिरे, चावडीपाशी येई, आणि तरीही तिच्या अंगात वेग उरलाच असेल तर डॉक्टर तो चावडीभोवती फेऱ्या मारून संपवत. पाटील ओट्यावर बसलेले असत. पहिल्या फेरीला डॉक्टर म्हणत, "राम राम, पाटील!" पाटलांनी हात जोडेपर्यंत डॉक्टर चावडीच्या मागे गेलेले. दुसऱ्या फेरीला, "पोरं किती राह्यली टोचायची?" पाटील आकडा सांगत तो मागच्या भिंतीला. तिसऱ्या फेरीला, "किती म्हणले?" शेवटी हँडल लटपटू लागलं की ते एक पाय टेकवत आणि घोड्यावरून उतरावं तसे ऐटीत खाली उतरत.

"डॉक्टर, नुसता ब्रेक दाबला तर?" मी नवा होतो तेव्हा एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो.

"ब्रेक दाबल्यानं काय होते, माहीत आहे काय तुले? गुटका रिमले खाते. आज थोडी, उद्या थोडी. अन एक दिवस रिम कागदावानी होते. मंग रडत बसतो माणूस."

गुटका म्हणजे ब्रेकचा रबरी तुकडा. त्या काळच्या सायकलींना दांड्याचे ब्रेक असत. मूठ दाबली की दांडा वर ओढला जाई आणि दोन गुटके चाकाच्या लोखंडी रिमला आतून दाबून धरत. सगळं जग याला सोय समजे. शेषराव डॉक्टर याला रोग समजत.

ते खरे डॉक्टर नव्हते. आमचं काम गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचण्याचं. अशा माणसाला लोक देवीडॉक्टर म्हणत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. नागपूरहून हुकूम सुटे, बुलढाण्याला आमचे साहेब तो वाचत, आणि तो पायडल मारत गावात नेण्याचं काम शेषराव डॉक्टरांकडे आणि त्यांच्या हाताखाली माझ्याकडे असे.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. परवा बाजारात चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर एकजण 'रिम वाचवायसाठी पाय मोडून घेतलेल्या डॉक्टरची' गोष्ट सांगत होता. सांगणारा माझ्या नातवाच्या वयाचा. त्याने डॉक्टरांना पाहिलेलं असणं शक्य नाही. सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यभर या गोष्टीला हसत आलो आहे, त्यामुळे तोंडाला सवय झाली आहे. घरी आल्यावर मात्र वही काढून ठेवली. त्या दिवशी राजूरच्या घाटात काय झालं, ते सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. पण आधी तुम्हाला डॉक्टर कळायला हवेत.

अंगाने काटक, डोक्याला पांढरा पटका, आणि त्या पटक्यात खोचलेला बाभळीचा एक लांब काटा. ज्या काट्याला सगळे सायकलवाले शिव्या घालत, तो हे डोक्यावर मिरवत. कारण आमचे रस्ते मुरमाचे. मुरमाची बारीक कच गुटक्याच्या रबरात रुतून बसे आणि मग प्रत्येक ब्रेकला कानस फिरवल्यासारखी रिम घासे. "रबर नाही खात रिमले," डॉक्टर म्हणत, "रबरातली कच खाते. रबर बिचारं बदनाम." म्हणून प्रत्येक मुक्कामाला सायकल उलटी करून ते त्या काट्याने गुटक्यातला एकेक खडा टिपत. मुलांच्या दंडावर टोचताना जितका हात हलका, तितकाच इथेही. गुटका घासून गुळगुळीत झाला की फुटक्या कौलावर घासून त्याला पुन्हा खरखरीत करत. दोन्ही गुटके सारखे टेकतात का हे पाहायला रिम आणि गुटक्याच्या फटीत निंबाचं पान धरत आणि ओढून पाहत. एकीकडचं सैल सुटलं की पाना घेऊन पुन्हा बैठक. घाट उतरायचा तर सायकल हातात धरून पायी. आणि ब्रेक मारायची अगदीच वेळ आली तर आधी फडक्याने रिम पुसायची, मग 'दाब-सोड, दाब-सोड'. धरून ठेवायचं नाही.

"गाय पिळतो तसं," ते म्हणत. "आचळ धरून बसलं तं दूध येईन काय?"

मागच्या चाकाचे गुटके त्यांनी काढूनच ठेवले होते. दोन ब्रेक म्हणजे रिमा खाणारी दोन तोंडं. एक पुरे, असा हिशेब. आणि मागची रिम वाचली, हे ते वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवत.

दुसऱ्यांच्या सायकलीही त्यांना पाहवत नसत. कचेरीबाहेर टेकवलेली कुणाचीही सायकल दिसली की ते खाली बसून रिमवरून नख फिरवत. नख अडकलं की मालक येईपर्यंत तिथेच थांबत, आणि तो आला की आजाऱ्याच्या नातेवाइकाला सांगावं तशा आवाजात सांगत, "भाऊ, रिमले देवी आल्या तुमच्या." रिमवरच्या खड्ड्यांना ते देवीच म्हणत. एकदा साहेब आमच्या कामाची तपासणी करायला आले. टोचलेल्या मुलांची नावं वाचायची सोडून हे साहेबांच्या सायकलीपाशी उकिडवे. साहेबांनी विचारलं, "शेषराव, तिथे काय आहे?"

"साहेब, तुमच्या पुढच्या रिमले टोचलेलं नाही वाटते."

साहेब त्या दिवशी हसले नाहीत. पण पुढच्या खेपेला त्यांच्या गुटक्यांतली कच साफ केलेली होती, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टरांचा खरा दुश्मन करीमभाई. बाजारात त्यांचं सायकलीचं दुकान, आणि डॉक्टर त्याच दुकानासमोर उभे राहून गिऱ्हाइकांना रिम कशी वाचवायची ते शिकवत. करीमभाई कपाळाला हात लावत. "डॉक्टरसाब, तुम सुई लेके गाँव में जाव. यहाँ मेरे रिम को जंग लग रहा."

"जंग लागला तं तेल लावा, करीमभाई. माणसाची जुनी रिम काऊन मारता?"

पुढे दुसरी मोठी लढाई सुरू झाली. बाहेरून रिमा येणं बंद झालं. करीमभाईंचं दुकान ओस पडलं, गावातल्या अर्ध्या सायकली भिंतीला टेकल्या, आणि शेषराव डॉक्टरांची सायकल, अकरा वर्षांची, रोज सकाळी निघे. करीमभाईच तेव्हा लोकांना सांगू लागले, "जाव, डॉक्टरसाब से पूछो." डॉक्टरांनी आयुष्यात मिळवलेला विजय म्हणाल तर हा एकच.

त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी येऊन गेलेल्या. लग्नाची बोलणी झाली तेव्हा दोन ठिकाणी मुलीच्या आईने दार लोटून घेतलं, हे ते हसत सांगत. तिसऱ्या ठिकाणी ते गेलेच नाहीत. मी कधी त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहिलं की म्हणत, "माणसाच्या तोंडाचं जाऊ दे बे. रिमचं तोंड साफ आहे ना?"

आणि चावडीभोवतीच्या त्या फेऱ्या. आम्ही गावात आलो की बायका पोरांना कणगीमागे लपवत. देवीडॉक्टर म्हणजे सुई, आणि सुईनंतर ताप. पण एक पटकेवाला बाप्या चावडीभोवती गरगर फिरतो आहे आणि पाटील मान वळवून वळवून थकला आहे, हे पाहायला त्याच बाया पोरं कडेवर घेऊन बाहेर येत. त्या हसत असतानाच डॉक्टर उतरत आणि पहिल्या पोराचा दंड हातात घेत. मला हे कळायला दोन वर्षं लागली. मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, हे मुद्दाम करता काय?"

"रिमसाठी करतो," ते म्हणाले. "बाकी मले काही माहीत नाही."

आता त्या दिवसाकडे यायला हवं.

गुटके साफ करण्याचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. चार वर्षं मी ते केलं, आणि चारही वर्षं ते प्रत्येक वेळी मागून येऊन खाली वाकून तपासत. मला त्याचा राग येई. मी पंचविशी ओलांडलेला माणूस, आणि हे माझ्या हातचं निंबाचं पान ओढून बघणार!

उन्हाळ्याची एक दुपार. देऊळघाटला कुस्त्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीपुढच्या अंगणात मी पुढचे गुटके काढून साफ करत होतो आणि रस्त्याने लोक घोळक्याने चालले होते. गुटका एका लोखंडी घरात बसतो. त्या घराचं एक तोंड बंद, एक उघडं. बसवताना बंद तोंड पुढे ठेवायचं, कारण ब्रेक दाबला की फिरतं चाक रबराला पुढे ओढतं. पुढे भिंत असेल तर रबर जागेवर राहतं. उघडं तोंड पुढे असेल तर रबर घराबाहेर. एवढं एकच शास्त्र, आणि ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"बंद तोंड पुढं आहे ना बे?" त्यांनी आतून विचारलं.

"हाव, डॉक्टर," मी म्हटलं. मी गुटक्याकडे पाहतही नव्हतो. रस्त्याकडे पाहत होतो.

ते बाहेर आले. नेहमीसारखे वाकू लागले. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण ते अर्ध्यातच थांबले, सरळ झाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाय. तू पाह्यलं म्हणजे म्या पाह्यलं."

चार वर्षांत पहिल्यांदा. मी कुस्त्यांना गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. घाटाखाली मोताळ्याच्या पलीकडच्या एका गावात दोन पोरांना देवी आल्या होत्या. लस आमच्याकडे होती, पण ऊन चढलं की लसीचं पाणी होतं. बुलढाणा थंड, घाट उतरला की भट्टी. पायी उतरण्याएवढा वेळ नव्हता. डॉक्टरांनी लसीच्या नळ्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळला, गळ्यात अडकवला, घाटाच्या तोंडाशी आल्यावर फडक्याने रिम पुसली, आणि सायकलवर बसले.

मी पाहतच राहिलो. "डॉक्टर, घाटात? बसून?"

"आज खाऊ दे त्याले रिम," ते म्हणाले. "निघ."

ते पुढे, मी माझ्या सायकलवर मागे. पहिलं वळण, दुसरं वळण. ते मला ऐकू यावं म्हणून ओरडत होते, "दाब-सोड! दाब-सोड!" हलक्या हाताने दाबलेल्या ब्रेकला गुटके धरून होते. तिसऱ्या वळणावर खालून कडब्याची बैलगाडी आली, आणि तिच्या मागून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई बाजूला व्हायला म्हणून नेमकी यांच्या वाटेत आली. डॉक्टरांनी मूठ आवळली. एक गुटका फुटाण्यासारखा उडाला आणि माझ्या चाकापुढे पडला. मग लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी. ते रिकामं घर रिममध्ये रुतलं, चाक अडकलं, आणि डॉक्टर कठड्यावर आदळले.

मी पोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. दोन्ही हात डब्यावर.

"फुटलं काय?"

मी डबा उघडून पाहिला. "नाही."

"मंग जा. माह्याकडं काय पाहतो? हा पाय आता कोठी पळून नाही जात."

बाईला धक्काही लागला नव्हता. गाडीवाल्याने डॉक्टरांना कडब्यावर घेतलं. मी त्यांची सायकल उचलून गाडीत ठेवली, आणि तेव्हा ते घर पाहिलं. उघडं तोंड पुढे. मी बसवलेलं. रस्त्यावर पडलेला गुटका मी उचलला, आणि कुणी पाहत नाही असं बघून खिशात घातला.

त्या गावातली सगळी पोरं मी टोचली. संध्याकाळी परत आलो तेव्हा गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती, आणि ती अशी होती: रिम झिजू नये म्हणून शेषराव डॉक्टरने ब्रेक मारला नाही, आणि पाय मोडून घेतला.

साहेब दवाखान्यात आले. डॉक्टर खाटेवर, मी उशाशी उभा. गुटका खिशातच होता.

"शेषराव, ब्रेक का नाही मारला?"

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "सवय नाही, साहेब."

साहेब यावेळी मोठ्याने हसले. त्या हसण्याने गोष्टीवर शिक्का बसला. मी तोंड उघडलं. डॉक्टर लगेच म्हणाले, "वामन, पाणी दे." मी पाणी आणायला गेलो, आणि परत आलो तेव्हा साहेब निघून गेले होते. उलटा गुटका ही माझी चूक म्हणून लिहिली गेली असती तर माझी नोकरी राहिली नसती, हे डॉक्टरांना माझ्याआधी कळलं होतं. मला तेव्हा वाटलं, त्यांना तहानच लागली असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

पाय जुळला तो आखूड जुळला. त्यांची फिरती बंद झाली. त्यांना कचेरीत लसीच्या नळ्या आणि टपाल सांभाळायला बसवलं, आणि त्यांची गावं मला मिळाली.

करीमभाईंनी सायकल सरळ केली. ती न्यायला डॉक्टर काठी टेकत गेले, मी बरोबर. करीमभाईंनी पुढच्या रिममधल्या खोल खाचेवर बोट ठेवलं. "लोग कुछ भी बोलते. ब्रेक तो मारा है तुमने, डॉक्टरसाब. गुटका उलटा था. किसने लगाया?"

"मीच," डॉक्टर म्हणाले.

"तुम? उलटा?" करीमभाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हातारा झालो, करीमभाई. घर मीच बसवतो आता, पाना द्या."

त्यांनी तिथेच बसून ते बसवलं, आणि सायकल माझ्या हातात दिली. "माह्या पायाचं झालं. सायकल तं चालली पाहिजे."

आठ-दहा दिवसांनी एका गावी मी गुटके साफ करायला सायकल उलटी केली. दोन्ही घरांवर, खिळ्याने कोरलेला, एकेक बारीक बाण होता. बंद तोंडाकडे. त्यांना पुन्हा विचारायला लागू नये म्हणून, आणि मला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून.

मी तडक परत येऊन त्यांना सांगायचं ठरवलं. त्यांची खोली एका उताराच्या गल्लीत होती. दारापाशी पोचलो तर चुलीवर चहा उकळत होता. दोन कप मांडलेले.

"कुणी यायचं आहे का?"

"तूच. तुह्या ब्रेकची टक्-टक् गल्लीच्या तोंडापासून येते."

खरंच होतं. ब्रेक दाबला की चाकाच्या प्रत्येक फेरीला ती खाच गुटक्याला लागे आणि टक् असा आवाज होई. मी खाली बसलो. "डॉक्टर, तो गुटका मी..."

"साखर कमी आहे आज," ते म्हणाले. "बाण दिसते ना नीट? मंग झालं."

पुढे अनेकदा जीभ उचलली. दर वेळी त्यांनी साखरेचं, पावसाचं, नाहीतर साहेबांच्या रिमचं काहीतरी काढलं. आणि मीही, खरं सांगायचं तर, ते काढतील याची वाट पाहायला शिकलो. बाजारात लोक त्यांना विचारत, "काय डॉक्टर, रिम वाचली काय?" तेव्हा ते म्हणत, "वाचली ना!" आणि मी शेजारी उभा राहून हसत असे.

लढाई संपली. करीमभाईंच्या दुकानात नव्या रिमा आल्या. मी पहिलीच घेतली आणि हातात लटकावून डॉक्टरांकडे गेलो. वाटलं, ते खूश होतील. त्यांनी रिम हातात घेतली, सगळीकडून नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. मग ती भिंतीला टेकवून ठेवली.

"काऊन बदलतो? जुनी चालून राह्यली ना."

"डॉक्टर, खाच आहे तिला. तुम्हीच म्हणाला असता की..."

"नवीचा आवाज नाही येत," ते म्हणाले. चुलीत फुंकर घालायला ते वाकले, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. "मले कसं समजन कोण आलं? दिवसभरात दुसरं येते कोण इकडं?"

फुंकर घालून झाली. तरी ते चुलीकडेच पाहत राहिले.

"अन दाराशी येऊन एकदम नको दाबू. गल्लीच्या तोंडापासूनच ब्रेक मारत येत जा बे. धरून. मले चहा ठेवायले वेळ भेटते."

मी तसंच करत गेलो. फिरतीवरून आलो की आधी त्यांच्या गल्लीत, वरच्या तोंडापासून ब्रेक आवळून, टक्-टक् करत. ते गेले त्या वर्षी करीमभाईंनी चाक फिरवून पाहिलं आणि रिम बोटांनी दाबली. ती वाकली.

अकरा वर्षं त्यांनी जपलेली ती रिम शेवटी कागदावानी झाली ती माझ्या ब्रेकने, त्यांच्या दारापुढच्या उतारावर.